कुडावर टांगलेला फोटो

पाटणकडच्या आमच्या सासरच्या घरात दगडी भिंत एकच होती, दक्षिणेची. बाकी सगळे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या, झाली भिंत. तिच्यावर सूप टांगावं, फार तर चाळण. पण तेव्हा लढाई चालू होती, हे पलटणीत होते, आणि जाण्याआधी साताऱ्याला काढलेला ह्यांचा फोटो मामंजींनी मोठा करून आणला. सागवानी चौकट, जाड काच. एकटीनं उचलायला गेले तर कंबरेत चमक भरली.

दगडी भिंतीवर आजेसासरे आणि चुलतसासरे होते, दोघेही वारलेले. "फोटो तिथंच लावू या की," असं मी बोलून गेले आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "जित्या माणसाला दक्षिणंला लावत्यात व्हय गं?" एवढंच म्हणाल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही स्वतःच्या जिभेला मनसोक्त शिव्या दिल्या.

म्हणून फोटो कुडावर गेला. सुतार म्हणाला, "आवं, बोटानं वाजवून बघा. पोकळ वाजतंय तितं नुसती कारवी हाय. मेढीत खिळा मारा." मेढ म्हणजे कुडातला जाड खांब, आणि ती होती कोपऱ्यात. मामंजींना लेक दारासमोर हवा होता, आल्यागेल्याला आधी तोच दिसायला हवा. त्यांनी पोकळ जागीच लाकडी खुंटी ठोकली, भोवती माती थापली, फोटो टांगला आणि मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी केर काढताना फोटोखाली चिमूटभर माती सापडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वर पाहिलं तर खुंटीखाली केसाएवढी भेग. पण सांगायचं कुणाला? नवऱ्याचा फोटो पडेल, हे बायकोनं तोंडातून काढायचं? एकदा जीभ घसरली होतीच. त्यात ह्यांचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. फोटो पडला तर पत्र कधीच येणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

मी रोज गुपचूप भेग ओल्या मातीनं बुजवायची. कुडाला हादरा नको म्हणून भाकरीसुद्धा हलक्या हातानं थापायची. मामंजी कुरकुरायचे, "सूनबाईच्या भाकऱ्या हल्ली जाड व्हाय लागल्यात." उंदीर पळाला तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

एक दिवस भेगेवर मी न लावलेली ओली माती दिसली. बोटांचे ठसे माझे नव्हते. दुपारी नदीवरून लवकर परतले तर सासूबाई पाटावर चढून उभ्या, हातात मातीचा गोळा.

"तू बी?" त्या म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई. तिसऱ्या दिसापास्नं."

त्या खाली उतरल्या आणि चिखलाच्या हातानंच माझा हात धरला. "मला लय भ्या वाटतंय गं." सासूबाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मामंजींची वाट न बघता आम्ही बैलाचा नवा कासरा काढला. तो वरच्या तुळईवरून घेतला आणि दोन्ही टोकं चौकटीच्या कड्यांना बांधली. सगळं वजन तुळईवर, कूड नुसता टेकायला. बांधण्याआधी दोरीला हातांनी लोंबकळून मी पाहिलं. मामंजी घरी आले, बघितलं आणि गाठ आणखी एक पीळ आवळली. त्या दिवशी मी पोटभर जेवले. आता ह्यांना काही होत नाही, असं मला अगदी आतून वाटलं.

पोस्टमन तार घेऊन आला त्या सकाळी फोटो जसाच्या तसा होता. काच तडकली नव्हती, मातीचा कण पडला नव्हता. तार वाचून होईपर्यंत मी फोटोकडेच बघत होते, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

तेरावं झाल्यावर मामंजींनी कासरा सोडला. दक्षिणेच्या भिंतीपाशी उभे राहिले, पण त्यांचा हात काही उचलेना. सासूबाईंनी त्यांच्या हातातला हातोडा घेऊन माझ्याकडे दिला. दगडांच्या सांध्यात खिळा मीच ठोकला. चार ठोक्यांत घट्ट बसला. त्याच्याखाली केर काढताना मला कधीच माती सापडली नाही.