दसऱ्याची पूजा आणि मागचे टायर

दसऱ्याच्या सकाळी मुलगी मोटारसायकलवरून सिल्लोडला निघणार होती. प्रथेप्रमाणे मी मागच्या चाकाला कुंकू लावले, तर बोट कुठेही न अडखळता घसरले. टायरच्या खाचा झिजून गेल्या होत्या. एके ठिकाणी आतले धागे उघडे पडले होते. मी तिला थांबवले.

"बाबा, मुहूर्त टळेल," ती म्हणाली. मुहूर्ताचा आग्रह आजवर माझाच असे.

"टळू दे."

गाडी ढकलत मुकुंदवाडीच्या मिस्त्रीकडे नेली. तो आपल्या पान्यांची पूजा आटोपत होता. सिल्लोडला जायचे आहे हे कळल्यावर टायर उतरवत म्हणाला, "काका, दरसाल पुजता, पण बघत नाय व्हय? चौक्याच्या घाटात फुटलं असतं."

मी नवे टायर बसवून घेतले. नव्या टायरच्या खाचेतला झीज दाखवणारा उंचवटा त्याच्याकडून समजून घेतला, मुलीलाही दाखवला, मगच तिला निघू दिले.