साडूचं उघडं कपाट

माझ्या साडूइतका पोटात काहीच न ठेवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही दोघंही ओढ्यातल्या खेकड्यांवर संशोधन करतो, तो खालापूरला, मी कर्जतला. एकाच घरच्या दोन जावयांनी एकाच प्राण्याच्या मागे लागावं, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. माझ्या नोंदी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. त्याच्या कपाटाला दारच नाही. दिवसभरात सापडलेले खेकडे संध्याकाळी मोजमापासह इंटरनेटवर, कुणीही घ्या, कुणीही वापरा. एकदा सगळा पावसाळा पिंजरे उलटे लावून बसला आणि एक खेकडा मिळाला नाही, तर तेही फोटोसकट टाकलं. वर धाकट्या मेव्हणीच्या हळदीत पाहुण्यांना सांगतोय, "पिंजऱ्याचं तोंडच वरती केलेलं मी. तुमी तसं करू नका." पाहुणे हसले आणि वर त्याचं कौतुकही झालं. माझ्या हातून असं झालं असतं तर मी नोकरी सोडून माथेरानला घोडे हाकले असते.

सासुरवाडीला खेकड्याचा रस्सा होतो तेव्हा मोठी नांगी नेमकी त्याच्या ताटात पडते. याचा मला राग येतो. तो ती मोडून अर्धी मला देतो, याचा जास्त येतो.

यंदा संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेनं नियमच बदलले. नोंदी सगळ्यांना खुल्या करा, त्याचा खर्च आम्ही देऊ. फसलेले प्रयोगही मांडा. तुमची माहिती इतर कोणी वापरली ते लिहा, त्याला वेगळे गुण. मंजूर होणार एकच प्रकल्प, आणि अर्ज आम्हा दोघांचेही. माझा तो शेवटचा रकाना कोराच गेला. प्रकल्प त्याला मिळाला आणि मी जळून कोळसा झालो. त्याचा अर्ज बघायला मागावासुद्धा लागला नाही, तोही त्यानं सगळ्यांसाठी टाकला होता. माहिती वापरणाऱ्यांत पहिलं नाव माझं. माथेरानच्या उतारांवरच्या लेखात मी त्याचे खालापूरकडचे आकडे घेतले होते, फुकट होते म्हणून.

रविवारी सासुरवाडीला पंगत बसली. तो हळूच म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या नोंदी कधी टाकताय? पहिला वापरनारा मी हाय. पुढच्या अर्जात तुमचा रकाना कोरा नाय जायचा."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. त्या दिवशी त्यानं नांगी मोडली नाही, अख्खी माझ्या ताटात ठेवली. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती, आणि ती नांगी काही मला एकट्याला संपली नाही.