बांधावरची अंडी

लढाईच्या दिवसांत फिल्म मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मी मिशनच्या शाळेत मास्तर. विलायतेला परतताना आमचे पाद्रीसाहेब चावीचा सिनेमा-कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेले आणि सोबत एकच रीळ. त्यावर मला टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर येताना टिपायची होती. बाकी काही नको.

घोडेगावच्या माळाला, ओहोळाकाठी सखल जागेत, नुसत्या खड्यांवर चार अंडी होती. माणूस दिसला की टिटवी ओरडून गाव गोळा करी, पण उभ्या बैलगाडीचं तिला काही वाटत नसे. म्हणून शेतमालकांची गाडी तिथं सोडून घेतली आणि तिच्याखाली, गोणपाटाच्या आडोशाला, वैशाखभर घाम गाळला. एका शनिवारी अंड्यांना बारीक तडे दिसले. कान लावला तर आतून टकटक!

रविवारी प्रार्थनेला जाणं भाग होतं. मास्तरच गैरहजर म्हटल्यावर बोभाटा झाला असता. दुपारी परतलो तर खळगा रिकामा. टिटवी त्यात बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती.

"बाबा, अंडी कुठंयत?" मी मालकांना विचारलं.

"ती काय, वर बांधावर ठिवली. टिटवीनं सखलात अंडी घातली की पाऊस न्हाई पडत, मास्तर. उंचावर असली की लई पडतो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिनं घातली तर! तुम्ही उचलून ठेवून काय उपयोग?"

"तिला न्हाई कळलं, मग आपन नगं का बघाया?"

बांधावर सावलीचं नाव नव्हतं. अंडी हाताला चटका देत होती. टोपीत घालून ती खळग्यात आणून ठेवली. टिटवीनं लगेच पोटाखाली घेतली. डबक्यात पोट भिजवून येई आणि त्यांना गारवा देई. टकटक मात्र बंद झाली होती.

मी तरीही रोज कॅमेरा लावून बसलो. मालक भाकरी आणत, गोणपाटाखाली शिरत आणि पुसत, "निगाली का पिल्लं?" असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? आणि रागवायचं नाही तरी कसं? शेवटी वैतागून चावी दिली आणि अख्खं रीळ त्या बसलेल्या टिटवीवरच संपवलं.

"बगा, अजून बसतीया," मालक कुजबुजले. "म्हंजी जित्ती हायत."

"मेलीत ती, बाबा!" मी ओरडलो.

टिटवी दचकून उडाली. थोड्या वेळानं पोट भिजवून आली आणि अंड्यांवर हळूच बसली.