उजनीवरचा ताशी पन्नासचा हट्ट

आमच्या ह्यांचं, बसवराजांचं, सोलापुरात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करून देण्याचं दुकान आहे. वय सत्तेचाळीस. दर रविवारी हा माणूस उजनी धरणाच्या पाण्यावर जातो आणि शीड लावलेल्या फळीवर उभा राहून वाऱ्याबरोबर पळतो. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही. थाट मात्र असा, की देशाची इज्जत ह्यांच्याच हातात! शनिवारी भात बंद. फळीखालचं पातं माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. वहीत वाऱ्याचा वेग, पाण्याची पातळी, स्वतःचं वजन, सगळं रोजच्या रोज. माझा वाढदिवस त्या वहीत नाही, मी बघितलंय.

हवंय काय, तर पाचशे मीटर अंतर सरासरी ताशी पन्नास किलोमीटरनं कापायचं. मनगटावरचं घड्याळ वेग मोजतं. तीन वर्षं काटा एकोणपन्नासच्या पुढे सरकला नव्हता. मे संपता संपता धरण आटतं आणि काठालगतचा संथ पाण्याचा पट्टा आखडत जातो. यंदा तो पाचशे वीस मीटर उरला होता. पुढच्या रविवारी पाचशेही उरणार नव्हता, म्हणजे वर्ष गेलं. काठावर केळीची बाग असलेल्या हिंदुरावांनी आपल्या पंपाचा पाइपसुद्धा वाटेतून हलवून दिला होता.

त्या रविवारी दुपारी चारला वारा असा सुटला, की माझ्या डोक्यावरचा पदर ठरेना. हे गुडघाभर पाण्यात शीड धरून उभे. तेवढ्यात हिंदुराव दहा-बारा माणसं आणि ट्रॅक्टरभर खुर्च्या घेऊन हजर.

"आदी सत्कार, मग पळा की! पावनं आल्यात."

अजून काही केलं नाही, आणि सत्कार! आणि हे? शीड काठावर ठेवून, हात पुसून, निमूट खुर्चीत बसले. ओल्या अंगावर शाल, डोक्याला फेटा, मांडीवर नारळ. पाहुण्यांचं भाषण संपेना. मी मागून खुणा करून थकले. चूक माझीच. यंदाची ही शेवटची संधी म्हणून हिंदुरावांच्या बायकोपाशी, गोजरबाईंपाशी, मीच फोनवर बडबडले होते.

मग हिंदुराव उठले. "राजेश्वरीवैनी आमच्या मंडळींना काय म्हनल्या ठावं हाय? म्हनल्या, सगळी सोलापूरची मानसं एका बाजूला आन् आमचं हे एका बाजूला. असा जिद्दीचा मानूस मी बगितला न्हाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. हे मान खाली घालून ऐकत होते.

सगळं आटोपेपर्यंत वारा पडला होता. तरी हे पाण्यात उतरले. घड्याळात वेग फक्त एकतीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हिंदुरावांनी रेकॉर्ड झाल्याचं जाहीरही केलं.

परतीच्या वाटेवर मी गाडीत फुटलेच. "तोंड नव्हतं का तुम्हाला? वारा कुणासाठी थांबत नाही, हे तुम्हीच सांगता ना? उठून जायचं होतं!"

"पाहुण्यांचं झाल्यावर उठणारच होतो."

"मग?"

"हिंदुरावांनी तुझं नाव घेतलं." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "म्हटलं, ऐकून घ्यावं. घरात कधी कानावर आलं नव्हतं."

माझा राग तेवढाच होता, फक्त कुणावर ते कळेना.