घरच्या फोनवरची आई

मी मंडईत भेंडी निवडत होते आणि माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनीच मला ओळखलं. पोरीचा चेहरा हुबेहूब माझ्यावर गेलाय, त्यावरून असेल. चौथीचं वर्ष संपत आलेलं आणि मी बाईंना पहिल्यांदा पाहत होते, यावरून काय ते समजा.

"तुमच्यासारखे पालक असले की आमचं अर्धं काम हलकं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे नुसता अंगठा पाठवून देतात. तुम्ही किती सविस्तर लिहिता हो!"

मला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी माझी गल्लत करतायत. मी आयुष्यात त्यांना एक ओळ लिहिली नव्हती. पण त्यांनी मुलीचं नाव घेतलं, माझ्या नवऱ्याच्या टेम्पोचा विषय काढला, आणि मग म्हणाल्या, "डोळ्यांचं तेवढं बरं झालं. डॉक्टरांनीच काही नाही म्हटल्यावर काय काळजी? तरी मी तिला पहिल्याच बाकावर बसवते हं."

इथे मी विचारायला हवं होतं, कुठला डॉक्टर? कसले डोळे? नाही विचारलं. मी म्हणाले, "हो ना मॅडम." वर हसलेसुद्धा. आपलं कौतुक ऐकायची सवय नसली की माणूस काहीही कबूल करून बसतं. बाई पुढे गेल्या. भेंडी तिथेच टाकून मी रिक्षा धरली.

मी गणवेशाच्या कारखान्यात चेकिंगला होते. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, आणि जानेवारी उजाडला की जूनपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुठकुठल्या राज्यांतली पोरं जूनमध्ये नवा शर्ट घालून शाळेत जाणार म्हणून आम्ही इथे सकाळी नवापासून दिवेलागण होऊन गेली तरी मान वर करत नाही. माझं काम शेवटचं. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, सुलटा करायचा, कॉलर, काजं, बटणं बघायची. एक टाका सुटलेला असला तरी मला हातभरावरून दिसतो. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं मालक चारचौघांत सांगायचे आणि मी फुगायचे. आता ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

नवरा टेम्पोवर. सीझनमध्ये गठ्ठे घेऊन आज हैदराबाद तर परवा हुबळी. मुलीची शाळा सकाळची. साडेबाराला ती घरी यायची, शेजारच्या मावशींकडून किल्ली घ्यायची, झाकून ठेवलेलं जेवायची आणि आठपर्यंत घरात एकटी असायची. तिच्यासाठी घरात एक फोन ठेवलेला होता. शाळा फोनवर भरायची त्या दिवसांत घेतलेला, कोपऱ्यात काच तडकलेला. शाळेत पालकांचा नंबर म्हणून तोच लिहिलेला, आणि तो बदलून माझा द्यायचं माझ्याकडून आज-उद्या करत राहून गेलं. म्हणजे शाळेचा ग्रुप, बाईंचे निरोप, सगळं त्या घरच्या फोनवर यायचं.

रोज चपला काढता काढता मी विचारायचे, "ग्रुपवर काय आलंय का?"

"काय न्हाय. गृहपाठ फक्त," ती म्हणायची.

माझा जीव भांड्यात पडायचा. खरं सांगायचं तर मला तेच उत्तर हवं असायचं, आणि मला तेच हवं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रिक्षातून उतरून घरी गेले तर ती पायरीवर बसलेली, फोन नाकाला टेकवून. हे दृश्य मी रोज बघत होते. "फोनमध्ये तोंड घालून बसू नको," असं रोज ओरडतही होते. ती अशी का बसते, हे मात्र एकदाही मनात आलं नाही. मी हात पुढे केला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, फोन दिला आणि आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिली.

मी तिथेच पायरीवर बसून वाचायला लागले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाईंनी पहिल्यांदा लिहिलं होतं, की ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, एकदा डोळे तपासून घ्या. खाली माझं उत्तर होतं. "हो मॅडम धन्यवाद मी आजच तिच्या बाबांशी बोलते आम्ही दोघेही तिच्याकडे नीट लक्ष देतो." पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. पोरगी माइकचं बटण दाबून बोलायची आणि फोन लिहून घ्यायचा. शब्द तिने ग्रुपवरच्या दुसऱ्या आयांचे उचललेले.

आठवड्याने बाईंनी परत विचारलं होतं. "मॅडम घरी पाहुणे आलेत ते गेले की लगेच नेते." मग, "तिचे बाबा बाहेरगावी आहेत ते आले की नेते." बाईंनी मला भेटायला बोलावलं, त्यावर, "मॅडम मी पडले आहे पाय मुरगळला आहे." असं करत करत संक्रांतीच्या आसपास, "काल डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले काही नाही गाजर खायला द्या आता मी रोज गाजराची कोशिंबीर करते." त्यावर बाईंचा हसरा चेहरा आणि जोडलेले हात.

एवढंच असतं तर मी नुसती चिडले असते. पण मधे मधे दुसरंही होतं, बाईंनी विचारलं नसताना लिहिलेलं. "आज मी तिचे तेरापर्यंत पाढे घेतले." "आम्ही दोघी मिळून फुलपाखराचा तक्ता केला तिला फार मज्जा आली." आणि एका दिवशी, "आज ती शाळेत येणार नाही ताप आहे मी कामाला सुट्टी घेतली आहे तिच्याजवळच बसले आहे."

तो दिवस मला आठवत होता. मी तिला औषध पाजलं, मावशींना लक्ष ठेवायला सांगितलं आणि कामावर गेले. दुपारपर्यंत चार वेळा फोन केला. चारही वेळा ती म्हणाली, "बरं हाय आता." त्या दिवशी मोठी ऑर्डर निघायची होती.

मला त्या आईचा हेवा वाटला. जी फोनमध्ये होती, कोशिंबीर करत होती, तापलेल्या पोरीजवळ बसून होती, तिचा. हेवा वाटला आणि त्याचाच राग आला. मी आत गेले आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला. लिहायला लाज वाटते, पण घातला.

"खोटं बोलायला कुणी शिकवलं तुला? का केलंस असं?"

ती रडली नाही. "मॅडम तुला शाळेत बोलवत होत्या."

"मग बोलवू दे की!"

"तुला रजा न्हाय मिळत सीझनमधी. तूच म्हणतीस की. तू बाबांना फोनवर सांगत हुतीस, आता ह्या पोरीचं काय नवीन काढू नका म्हणून."

असं मी म्हणाले होते. कशावरून, ते आठवत नाही. तिला आठवत होतं.

"आणि तुला दिसत नाही, ते? ते तरी मला सांगायचं!"

"दिसतंय की," ती म्हणाली. "ह्या डोळ्यानं लई चांगलं दिसतंय."

मी तिचा तो चांगला डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर कसलं चित्र आहे ते विचारलं. तिने मान पुढे काढून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गणपती." महिना उलटला तसा गणपती जाऊन तिथे मोर आलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. मालक फोनवर काय काय बोलले, मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं. त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. एका डोळ्याचा नंबर लहानपणापासूनच खूप जास्त, त्यामुळे मेंदूने त्या डोळ्याने पाहायचं सोडून दिलंय. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज दुपारी काही तास पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला कामाला लागावंच लागेल. पाच-सहा वर्षांची असताना कळलं असतं तर सोपं होतं. आता जितकं येईल तितकं.

"दिवाळीनंतर लगेच आणलं असतं तर?" मी विचारलं.

"फरक पडलाही असता. नसताही," डॉक्टर म्हणाले. मी अजून त्या 'नसताही'ला धरून आहे. पण झोपेतून दचकून उठते तेव्हा कानात 'पडलाही असता' एवढंच असतं.

पट्टी लावून दुपारभर घरात एकटं ठेवायचं कसं? ती अर्ध्या तासात काढून टाकणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. मालकांना म्हटलं, मला दुपारी एकला सोडा. ते म्हणाले, जूननंतर बघू. मग मी चेकिंग सोडलं आणि शर्टांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणलं. ते काम नवशिक्या बायका करतात. नवरा फोनवर म्हणाला, "बरं केलंस." आणि मग म्हणाला, "शाळेत काय सांगू नको बरं का. लहान हाय ती. मॅडम खोटारडी म्हणतील पोरीला."

मी दोन दिवस विचार केला. न सांगावं असंच वाटत होतं, आणि ते पोरीसाठी नव्हे. मंडईत मी "हो ना मॅडम" म्हणाले होते, ते मला झाकायचं होतं. हे कळलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली आणि घरचा फोन उचलला.

दुपारचे तीन वाजले असतील. मी दाराशी उजेडाला बसले होते, भोवती शर्टांचा ढीग. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती, चष्म्याच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी. कमजोर डोळ्याने वाचायचं म्हणून डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांचं पुस्तक द्यायला सांगितलेलं. ते मांडीवर तसंच पडलं होतं.

"काय लिहायलीस?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. मॅडम, मी हिची आई. आजपर्यंत या नंबरवरून आलेले मेसेज माझे नव्हते, मी ते वाचलेही नव्हते. डॉक्टरकडे मी तिला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नेलं. तिचा एक डोळा कमजोर आहे. चूक माझी आहे, तिला रागावू नका.

"नको पाठवू," ती म्हणाली.

"का गं? खरं आहे ते. आणि तुला कोणी रागावणार नाही, मी बोलते मॅडमशी."

"रागावू दे. त्याचं काय न्हाय." ती म्हणाली. "पण मॅडमना कळंल की मग."

"काय कळेल?"

"ती आई न्हायच म्हणून."

बोटाने तोवर बटण दाबलेलं होतं. डोकं चालायच्या आधी हात चालतो, ही माझी जुनी खोड. मेसेज गेला होता. तो खोडता आला असता, हे मला नंतर कळलं. ती मान खाली घालून पुस्तकाचं पान दुमडत बसली. धपाटा खाऊन न रडलेल्या पोरीचे ओठ थरथरत होते, आणि मी तिचं काय मोडून टाकलं ते मला तेव्हा समजलं.

"मी आहे की," मी म्हणाले. "ही काय बसलेय मी. आता रोज दुपारी आहे."

तिने मान वर केली. उघडा डोळा बारीक करून ती दाराकडे, माझ्या बाजूला, बघत राहिली.

"जवळ ये की मग," ती म्हणाली. "हितनं दिसत न्हाईस तू."