शैलजाकाकूंची ग्रीसची तयारी

शैलजाकाकूंनी साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. अथेन्स, स्पार्टा, ट्रॉय, सगळं खडूने फळ्यावर काढलं. प्रत्यक्ष काही पाहिलं नाही. यजमान गेल्यावर मुलाने, संग्रामने, त्यांना इथे अमेरिकेत, शुगर लँडला आणलं. सून कादंबरी डॉक्टर, संग्राम तेल कंपनीत, घरात दोन लहान पोरं. का आणलं, ते समजलं ना? मी शेजारची पद्मिनी. माझं तोंड फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते.

या उन्हाळ्यात संग्रामने ग्रीसची ट्रिप काढली. "आईचं स्वप्न आहे," असं महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून झालं. काकूंना तर काय, आभाळ ठेंगणं! एकाहत्तराव्या वर्षी बाईंनी सराव सुरू केला. आमचं गाव ताटासारखं सपाट, चढायला एक टेकाड नाही. मग मी त्यांना रोज सकाळी पार्किंगच्या पाच मजली इमारतीपाशी न्यायची. जिन्याने वर, जिन्याने खाली, असं तीनदा. नाफ्प्लियो नावाच्या बंदराच्या गावात डोंगरावर किल्ला आहे म्हणे, नऊशे नव्व्याण्णव पायऱ्यांचा. "अजिंक्यताऱ्यावर साठ-साठ पोरं घेऊन जायचे गं मी," काकू घाम पुसत म्हणायच्या. "हा कोण मोठा लागून गेलाय!"

मग एक्सेल शीट आली. आमच्याकडे सहल काय, बारसंसुद्धा एक्सेलमध्ये ठरतं. विमानाच्या वेळा कळाव्यात म्हणून संग्रामने ती काकूंना पाठवली, आणि पूर्ण शीट पाठवतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. काकूंनी फोन माझ्या हातात दिला. "वाच गं, बारीक अक्षर आहे."

वाचलं. अक्रोपोलिस: संग्राम, कादंबरी. आई: हॉटेल, मुलं. मायसीनी, आई: हॉटेल, मुलं. डेल्फी, तेच. नाफ्प्लियोचा किल्ला, तेच. सगळ्यांबरोबर आईचं नाव एकाच दिवशी होतं, समुद्रावर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंनी फोन परत घेतला आणि थेट घराची वाट धरली. घरी पोचल्यावर मीही त्यांच्या मागोमाग आत शिरले, बोलावलं नव्हतं तरी. काकूंनी शीट उघडून फोन संग्रामपुढे धरला.

"अगं आई, तुझे गुडघे," संग्राम म्हणाला. "ऊन किती असतं तिथे! आणि तुला तर सगळं तोंडपाठ आहे. वेगळं काय दिसणार तुला?"

"तोंडपाठ आहे, तेच तर दुखतं रे!" काकूंचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं न बघितलेलं शिकवलं मी. पोरं विचारायची, बाई, तुम्ही गेला होतात का? लाज वाटायची मला. आता हातपाय चालताहेत तोवर बघणार. शीट मी बदलणार आहे. पहिले चार दिवस नाफ्प्लियोला राहणार. बसने जाईन, एकटी."

"एकटी? आई, प्लीज, असं काय करतेस यार! तुला तिथली भाषा येत नाही."

"इथली तरी कुठे येत होती? शिकलेच ना?"

संग्रामने कादंबरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग त्याच्या तोंडून निघून गेलंच, "पण मग मुलांना कोण सांभाळणार?"

"आत्ता कसं खरं बोललास!" काकू उठल्या. "ज्यांची आहेत त्यांनी सांभाळायची. मी वीस वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांचीच सांभाळतेय."