नर्सताईंनी मला खोलीबाहेर काढलं

मंडळी, आज सकाळी अमळनेरला, माझ्याच घरात, वडिलांचं बीपी बघायला येणाऱ्या नर्सताई मला म्हणाल्या, "दादा, जरा बाहेर थांबा."

मी दाराला कान लावला. "आबा, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात राहायचं की घरीच?" त्या विचारत होत्या!

माझं डोकंच फिरलं. हिला नक्की धुळ्याच्या काकांनी पढवलंय, त्यांचा आमच्या शेतावर डोळा आहे. मी आत घुसलो. "कोणी सांगितलं तुम्हाला हे विचारायला?"

आबाच म्हणाले, "मीच सांगं तिले. मरननी गोष्ट काढी का तू 'अभद्र बोलू नका' म्हनीसन उठी जास."

"आबा, अभद्र बोलू नका!" म्हणत मी तरातरा बाहेर आलो.

मागे दार पुन्हा लागलं. तुमच्या घरी म्हातारी माणसं हे कोणाशी बोलतात हो?